रात्री दोनला निघावे की उजाडल्यावर?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"दिवाळी झाल्यावर येणाऱ्या शनिवारी आम्ही पुण्याहून मालवणला आमच्या गाडीने जाणार आहोत. बरोबर आठ वर्षांची मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई असतील. सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्यांचे गुडघे दुखतात. शुक्रवारचे ऑफिस आटोपून, थोडे पडून, रात्री दोनला निघू, असे यजमान म्हणतात. मुले झोपलेली असतील, रस्ता रिकामा मिळेल आणि सकाळी दहाला आपण समुद्रावर असू, असा त्यांचा हिशेब आहे. मुलीला घाटात उलट्या होतात. त्यावर 'तिला मोबाइल द्या, लक्षच जाणार नाही' असा त्यांचा उपाय आहे. मी धाकट्यासाठी गाडीत बसवायची खास सीट घ्यायचे म्हटले, तर सासूबाई म्हणाल्या, 'पोराला खुर्चीला जखडून नेणार का? माझ्या मांडीवर बसेल.' मी नको तितकी काळजी करते, असे घरात सर्वांचे मत झाले आहे. खरेच तसे आहे का? नसेल, तर कोणाला कसे सांगू?"

— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

सप्रेम नमस्कार.

तुम्ही नको तितकी काळजी करत नाही. मात्र तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या वजनाच्या गोष्टी एकाच ओळीत आल्या आहेत आणि घरात चर्चा करतानाही त्या तशाच एकत्र येत असाव्यात, म्हणून समोरच्याला तुमचे सगळेच बोलणे काळजीखोरपणाचे वाटत असेल. धाकट्याच्या सीटचा प्रश्न हा मतभेदाचा विषयच नाही. तिथे तुम्ही एक पाऊलही मागे घेऊ नका. निघण्याच्या वेळेबद्दल यजमानांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे, पण मान्य करण्यासारखे नाही. मोबाइलच्या बाबतीत मात्र थोडी सूट द्यायला हरकत नाही, फक्त ती घाटात नको.

सीटपासून सुरुवात करते. मांडीवर घेतलेले मूल सुरक्षित असते, ही आपल्याकडची फार जुनी आणि मायेतून आलेली समजूत आहे आणि म्हणूनच ती मोडणे अवघड जाते. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी कशावर तरी आदळून दशांश सेकंदात थांबली, तर १२ किलो वजनाचे मूल दीडशे किलोंपेक्षा जास्त जोराने पुढे फेकले जाते. हा जोर कोणत्याही वयाच्या, कितीही बळकट माणसाच्या हातांना पेलणारा नाही, मग सासूबाईंची पकड कितीही घट्ट असो. त्यांनी स्वतः पट्टा लावला नसेल, तर त्यांचे सारे वजन मुलाच्या पाठीवर येते आणि मूल त्या व पुढची सीट यांच्यामध्ये सापडते. आजी आणि नातू या दोघांना एकाच पट्ट्यात बांधणे हा त्याहूनही वाईट उपाय आहे, कारण तेव्हा तो पट्टाच मुलाच्या पोटात रुततो. आणि हे सगळे महामार्गावरच्या वेगाबद्दल नाही, शहरातल्या वेगाबद्दल आहे.

कायद्यानेही या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला सुरक्षा पट्टा किंवा मुलांसाठीची सुरक्षा सीट न लावता गाडी चालवल्यास १,००० रुपये दंड आहे. मागच्या सीटवरील मोठ्यांनाही पट्टा बंधनकारक आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा पट्टा न लावता मागे बसलेले दोघेही गेले आणि पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. गाडी महागडी होती, रस्ता रुंद होता, वेळ दुपारची होती. यजमानांना आकडेवारीपेक्षा हे एक उदाहरण जास्त पटेल, असे मला वाटते.

सीट घेताना तिच्यावर आर ४४ किंवा आर १२९ या मानकाचा शिक्का आहे ना, एवढे आधी पाहा आणि मग ती तुमच्या मुलाच्या वजनाला व उंचीला चालते का, ते तपासा. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत मागच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत आयसोफिक्सच्या लोखंडी कड्या असतात. बोटाने चाचपल्या तर सापडतात. त्यांत अडकवलेली सीट पक्की बसते. तिचा पट्टा जिथून जातो तिथे धरून ती हलवून पाहावी. इंचभरापेक्षा जास्त सरकली, तर बसवण्यात काहीतरी चुकले आहे. मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येत असेल, तर तो सैल आहे. सीट जितके वजन पाठमोऱ्या स्थितीत झेलू शकते, तोवर मूल पाठमोरेच, म्हणजे गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसवणे सर्वांत सुरक्षित असते. त्या मर्यादेपलीकडे गेलेल्या मुलाला पाच टोकांच्या पट्ट्यासह पुढे तोंड करून बसवावे. पुढच्या सीटवर, सुरू असलेल्या एअरबॅगसमोर, पाठमोरी सीट कधीही लावू नये.

मुलीकडेही लक्ष द्या. ती आठ वर्षांची आहे म्हणून मोठ्यांचा पट्टा तिला पुरतो, असे आपण धरून चालतो. पण त्या वयाच्या मुलांना तो बहुधा मानेवर आणि पोटावर येतो. पट्टा खांद्याच्या मधून आणि खाली कमरेच्या हाडांवरून जायला हवा आणि त्यासाठी तिला बूस्टरची उंच बैठक लागेल. बूस्टरचा आणखी एक फायदा तुमच्या दृष्टीने मोलाचा आहे: उंच बसल्यामुळे तिला खिडकीतून बाहेरचा रस्ता दिसेल. तो दिसणे का महत्त्वाचे आहे, ते उलट्यांबद्दल बोलताना सांगते.

आता कोण कुठे बसेल, तेही ठरवून टाका, कारण ऐन निघताना या प्रश्नावर भांडणे होतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तेव्हा त्यांना पुढे, सीट थोडी मागे सरकवून बसवा. मागे मुलगी डावीकडच्या खिडकीशी, धाकट्याची सीट चालकाच्या मागे आणि मध्ये तुम्ही. हा क्रम मुद्दाम सुचवते आहे. रस्त्याच्या कडेला घाईघाईने थांबावे लागेल ते मुलीच्या उलटीसाठी आणि तिला डाव्या दारानेच उतरता आले पाहिजे. धाकट्याला उतरवायचे असेल, तेव्हा बहुधा पेट्रोल पंपाच्या किंवा हॉटेलच्या आवारात उतरवाल, तिथे उजवे दार उघडायला भीती नाही. दोन सीटांच्या मध्ये मोठे माणूस मावते का, तुमच्या जागेला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, हे निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी बसून बघा. त्याच आठवड्यात धाकट्याला मंडईपर्यंत, बागेपर्यंत अशा छोट्या फेऱ्यांत सीटवर बसवा. तो रडेल. रडला तर गाडी बाजूला थांबवावी, पण पट्टा काढून मांडीवर घेऊ नये. एकदा रडून मांडी मिळाली, की ती पुढे चारशे किलोमीटर द्यावी लागेल.

सासूबाईंना हे सांगायचे कोणी? माझ्या मते तुम्ही नाही, त्यांच्या मुलाने. सुनेने सांगितले तर तो 'आमच्या वेळी असले काही नव्हते' या वादाचा विषय होतो. मुलाने 'आई, गाडी मी चालवणार आहे आणि तो सीटवर असल्याशिवाय मी किल्ली फिरवणार नाही' असे म्हटले, तर विषय तिथेच संपतो. सासूबाईंचे म्हणणे खोटे नाही, हेही त्यांना सांगायला हवे. त्यांची मुले एसटीने फिरली. बस मोठी होती, रस्त्यावर गाड्या कमी होत्या आणि आजच्यासारखे सगळे शंभरच्या वेगाने धावत नव्हते. शिवाय नातवाला मांडीवर घेणे हे त्यांच्यासाठी या सहलीतले मोठे सुख असणार. ते काढून घेताना त्याच्या जागी दुसरे काही द्यायला हवे. थांबे कुठे घ्यायचे हे त्यांच्यावर सोपवा, खाऊचा डबा त्यांच्या ताब्यात द्या, नातवाला गोष्ट सांगण्याचे काम त्यांच्याकडे असू द्या. पुढच्या सीटवरूनही गोष्ट सांगता येते. एवढ्यावरही त्यांचे मन वळले नाही, तर मुलांच्या डॉक्टरांकडे जाताना त्यांना सोबत न्या आणि हा प्रश्न त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा. आपल्या घरांत सुनेचा शब्द आणि डॉक्टरांचा शब्द यांच्या वजनात किती फरक असतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

रात्री दोनला निघण्याचा बेत पूर्णपणे अविचारी नाही, हे आधी मान्य करते. मुले झोपेत असली की पहिले तीन-चार तास खरोखर शांततेत जातात, कात्रजपासून खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंतची गर्दी टळते, आणि लहान मुलांसह प्रवास केलेल्या कोणालाही या शांततेची किंमत कळते. अडचण मुलांच्या झोपेची नाही, चालकाच्या झोपेची आहे. शुक्रवारी सकाळी सातला उठलेला माणूस मध्यरात्री सतरा तास जागा झालेला असतो. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, असे प्रयोगांतून दिसले आहे. आपल्या कायद्याने चालकासाठी ही मर्यादा ३० मिलिग्रॅम ठेवली आहे. दोन तास पडल्याने ही तूट भरून निघत नाही. त्यातच पहाटे दोन ते सहा ही वेळ शरीराच्या घड्याळात सर्वांत गाढ झोपेची आहे. त्या वेळी येणारी डुलकी दोन-तीन सेकंदांची असते आणि ती येऊन गेल्याचे माणसाला कळतही नाही. पण ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी तीन सेकंदांत ६५ मीटरहून अधिक पुढे गेलेली असते. चहा, गाणी, उघडी काच या उपायांनी झोप लांबते, टळत नाही. तुमच्या बेतात तर मागची सगळी माणसे झोपलेली असणार, म्हणजे चालकाशी बोलायलाही कोणी नाही.

त्यात तुम्ही निघणार आहात त्या दिवसांत सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत ऊस गाळपाचा हंगाम सुरू झालेला असतो किंवा व्हायच्या बेतात असतो. उसाने भरलेली, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेली ट्रॅक्टरची रांग रात्रभर रस्त्यावर असते. ट्रॉलीच्या मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही किंवा असली तरी बाहेर लोंबणाऱ्या उसाने झाकलेली, आणि वेग ताशी वीसचा, हे दृश्य त्या भागात नेहमीचे आहे. मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. कोल्हापूर ओलांडून गगनबावड्याच्या दुपदरी रस्त्याला लागल्यावर हा धोका अधिकच वाढतो. दिवसाउजेडी ही ट्रॉली फक्त वेळ खाते.

म्हणून माझे मत असे, की शनिवारी पहाटे उठून, फटफटताना, सहा-सव्वासहाच्या सुमारास निघा आणि मालवण एका दिवसात गाठण्याचा हट्ट सोडा. पुणे ते मालवण हे अंतर कोल्हापूरमार्गे पावणेचारशे ते चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्यातले कोल्हापूरपर्यंतचे सुमारे २३५ किलोमीटर महामार्गाचे आहेत आणि उरलेले घाटाचे व कोकणातल्या वळणांचे. पहिला टप्पा मुलांना सोसतो, दुसरा दमलेल्या मुलांना सोसत नाही, आणि तुमच्या मुलीला तर नाहीच. मधली एक रात्र कोल्हापुरात काढली, तर दोन्ही टप्पे सुसह्य होतात. एका रात्रीचा खर्च वाढेल, हे खरे. पण सुट्टीचा पहिला दिवस सगळ्यांनी अर्धमेले होऊन खोलीत झोपून काढणे, हाही एक खर्चच आहे आणि रात्री दोनच्या बेताचा हिशेब मांडताना तो कोणी धरत नाही.

या बेतात मुलांना निजल्या कपड्यांनीच सीटवर बसवता येईल. ती साताऱ्यापर्यंत पुन्हा झोपतील, म्हणजे यजमानांचा मूळ मुद्दाही बऱ्याच अंशी साधतो. थांबा दर दोन तासांनी हवाच; पण एक थांबा चांगला लांब, तास-पाऊण तासाचा ठेवा आणि तो महामार्गावरच्या हॉटेलात घेण्याऐवजी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर घ्या. महामार्गापासून थोडेसेच आत आहे. तिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, घाट आहे, बाग आहे, यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, आणि मुख्य म्हणजे मुलांना पळायला मोकळी जागा आहे. पाण्याकडे मात्र एका मोठ्या माणसाचे लक्ष सतत असू द्या. दोन नद्या समोरासमोरून येऊन मिळतात म्हणजे काय, हे आठ वर्षांच्या मुलीला नकाशावर कळत नाही, काठावर उभे राहिल्यावर कळते. पाऊण तास पळून आलेला अडीच वर्षांचा मुलगा सीटवर बसल्यावर दहा मिनिटांत झोपतो. थांब्यात घालवलेला वेळ असा पुढे भरून निघतो. जेवायच्या वेळेला कोल्हापूर, दुपारी सर्वांनी झोप, संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी आणि यजमानांना रात्री पूर्ण विश्रांती. रविवारी सकाळी आठच्या सुमारास निघालात, की घाट लख्ख उजेडात उतराल.

कोणत्या घाटाने उतरायचे, ते कोल्हापुरात आदल्या संध्याकाळी चौकशी करून ठरवा. गगनबावड्याहून वैभववाडीकडे उतरणारा करूळ घाट किंवा राधानगरी-दाजीपूरवरून जाणारा फोंडा घाट, हे दोन्ही पर्याय कणकवलीच्या बाजूला नेतात. त्यांतला कोणता चांगल्या स्थितीत आहे आणि कोठे काम सुरू आहे, हे हॉटेलच्या व्यवस्थापकापेक्षा त्या मार्गावर रोज जाणारा एसटीचा चालक जास्त खात्रीने सांगेल.

आता उलट्या. 'लक्ष गेले नाही तर होणार नाहीत' हा यजमानांचा समज नेमका उलटा आहे. आपला तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आत असते; गाडी वळते, उतरते, हिसका देते ते सगळे तिला कळते. डोळे मात्र मोबाइलवर किंवा पुस्तकावर खिळलेले असले, तर ते मेंदूला सांगतात की आपण स्थिर आहोत. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. साधारण दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वाधिक असतो आणि पुढे बहुतेकांचा कमी होतो. ती नाटक करत नाही, तिच्या मनाचे हे खेळ नाहीत, आणि 'आता बघ हं, ओकू नकोस' असे घाट सुरू होताना बजावणे सर्वांत वाईट. घाटात तिला मोबाइल नको, चित्रकलेची वही नको. समोरचा रस्ता किंवा लांबचा डोंगर बघत बसू द्या. बूस्टरवर बसली असेल तरच तिला तो दिसेल. डोके मागे टेकलेले असावे, काच थोडी उघडी असावी आणि गाडीत टांगलेली सुगंधाची बाटली निघण्यापूर्वीच काढून टाकावी. अनेक मुलांना घाटापेक्षा त्या वासाचाच त्रास होतो. यजमानांच्या वाट्यालाही यातले काम आहे. वळणाच्या आधी वेग कमी करून वळण सावकाश घेणे आणि वळणात करकचून ब्रेक न दाबणे, एवढे त्यांनी पाळले तर निम्मे औषध त्यातच झाले.

पोट रिकामे ठेवणे हा उपाय नाही. निघण्याच्या तासभर आधी कोरडी पोळी, दशमी, केळे किंवा मऊ भात थोडासा द्यावा आणि भरपूर दूध टाळावे. दिवाळीनंतरच्या प्रवासात खरा शत्रू असतो तो फराळाचा डबा. चकली, शेव आणि तळलेला चिवडा घाटाआधी पोटात गेला, की काय होते ते तुम्ही पाहिले असेलच; तो डबा डिकीतच राहू द्या आणि मालवणात काढा. गाडीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपापडी, आवळासुपारी आणि आलेपाकाच्या वड्या असाव्यात. आल्याने काहींना बरे वाटते. आठ वर्षांच्या मुलीला एखादी वडी चघळायला द्यायला हरकत नाही, अडीच वर्षांच्या मुलाला मात्र चघळायची वडी, सुपारी किंवा अख्खे शेंगदाणे चालत्या गाडीत देऊ नयेत, घशात अडकण्याची भीती असते. हाताशी जाड प्लॅस्टिकच्या चार-पाच पिशव्या, ओला रुमाल, पाण्याची बाटली आणि कपड्यांचा एक जोड असावा. हाताशी म्हणजे पायाजवळ, डिकीतल्या बॅगेच्या तळाशी नव्हे. उलटी येते म्हणाली, तर पिशवी आधी आणि थांबणे नंतर. घाटात वळणावर गाडी थांबवणे जिवावर बेतू शकते, थोडे पुढे जाऊन रुंद जागा मिळाल्यावरच थांबावे.

गोळीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते, कारण निघताना कोणीतरी शेजारचे हमखास सुचवते. प्रवासात मोठी माणसे घेतात ती गोळी अर्धी किंवा पाव करून मुलांना देण्याची पद्धत आपल्याकडे आहे, ती चुकीची आहे. त्यांतल्या काही औषधांनी लहान मुलांच्या श्वासावर परिणाम होतो आणि दोन वर्षांखालच्या मुलांना तर ती देतच नाहीत. मुलीला औषध लागेल की नाही, लागले तर कोणते, वजनानुसार किती आणि घाटाच्या किती आधी द्यायचे, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेले असावे.

सासूबाईंबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्यामुळे गाडी थांबवावी लागू नये म्हणून त्या वयाच्या बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. मधुमेहात हे बरे नाही आणि तासन्‌तास एका जागी बसून पायांना सूज येते ती वेगळीच. म्हणून 'आई, थांबायचे का?' असे विचारू नका. उत्तर 'नको' असेच येईल. मुलांसाठी म्हणून थांबा आणि त्यांनाही चार पावले चालवा. त्यांच्या गोळ्या व जेवणाची वेळ मुलांच्या गडबडीत पुढे ढकलली जाऊ नये, आणि औषधे तळपत्या गाडीत न ठेवता तुमच्या पर्समध्ये ठेवावीत.

मोबाइलला सूट देते असे म्हटले, ती महामार्गावरच्या सरळ टप्प्यापुरती आणि तीही आळीपाळीने. त्यापेक्षा गोष्टी आणि गाणी आधीच उतरवून घेऊन गाडीच्या स्पीकरवर लावा. ऐकायला सर्वांनाच मिळते आणि मान खाली जात नाही. मुलीला गाड्यांच्या क्रमांकांचा खेळ शिकवा: पुण्याचे १२ कमी होत जाईल, मग साताऱ्याचे ११, कऱ्हाडचे ५०, मधूनच सांगलीचे १०, कोल्हापूरचे ०९ आणि घाट उतरल्यावर सिंधुदुर्गाचे ०७. पहिला ०७ कोणाला दिसतो, यावर कणकवलीपर्यंतचा वेळ जातो. त्यासाठी नजरही बाहेरच ठेवावी लागते. भेंड्या आहेतच, त्यात सासूबाई जिंकतील.

गाडीबाबत यजमानांना फारसे सांगायला नको. सामानासह टायरमधली हवा, स्टेपनीची हवा, फास्टॅगमधली शिल्लक, एवढे आदल्या दिवशी पाहिले म्हणजे झाले. मागच्या काचेखालच्या फळीवर मात्र स्टीलचे डबे किंवा बाटल्या ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की त्या मुलांच्या डोक्याच्या उंचीवरून पुढे येतात. मागच्या दारांचे चाइल्ड लॉक लावा. झोपलेल्या मुलाला 'दोन मिनिटांत येतो' म्हणून बंद गाडीत ठेवून उतरू नका. उन्हात उभ्या गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी चढते. तातडीची मदत लागली तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडल्यास १०३३, हे तीन क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.

यजमानांशी बोलताना तुमच्या भीतीपासून सुरुवात करू नका, बेतापासून करा. 'मला रात्रीची भीती वाटते' याला 'काही होत नाही' हे उत्तर तयार असते. 'कोल्हापुरात एक रात्र थांबू, रात्री तांबडा-पांढरा खाऊ आणि सकाळी ताजेतवाने होऊन घाट उतरू' याला नाही म्हणणे अवघड जाते. खोली तुम्हीच शोधून, भाव काढून, मग विषय काढा. परतीचा प्रवासही आत्ताच ठरवा, कारण सुट्टी संपण्याच्या रविवारी संध्याकाळी खेड शिवापूरपासून कात्रजपर्यंतची रांग मुलांसह सोसण्यासारखी नसते. शनिवारीच पुण्यात पोचलात, तर रविवार धुण्याला आणि दप्तर भरायला मिळेल.

आणि डॉक्टरांकडे वसुबारसेच्या आधीच जाऊन या. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज बहुतेक दवाखाने बंद असतात आणि औषधाची चिठ्ठी व सासूबाईंच्या समोर विचारायचा तो प्रश्न, ही दोन्ही कामे त्या एकाच खेपेत होतील.